रिक्षाला मोठी रिम आणि रुंद टायर टाकायचेत? आधी हे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत सांगतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची स्वतःची बजाज आरई सीएनजी आहे, परमिटची, मीटरवर चालते. तिच्या आठ इंची लोखंडी रिमा काढून दहा इंची अलॉय आणि त्यावर रुंद टायर टाकायचेत, टायरवाला म्हणतोय "बसतंय, बिनधास्त टाका". आणि भावाचा आपे आहे लोडिंगचा, त्याला मागे मारुतीचे टायर टाकले तर जास्त माल झेपेल का हे विचारलंय. मी तीनचाकीच्या टायर-रिमांचंच काम करतो, कित्येक वर्षं झाली, त्यामुळे सरळ उत्तर आधी देतो आणि मग कारणं. रिक्षाला दहा इंची टाकू नका. अलॉयच हवी असेल तर आठ इंचीच घ्या, एकसंध, आणि मापं खाली सांगतोय ती जुळली तरच. आपेला कारचे टायर नकोत, त्याच मापाचे जास्त प्लायचे, म्हणजे जास्त ताकदीच्या श्रेणीचे, चांगले टायर टाका. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे नवीन घ्यायच्या आधी जुना टायर नीट बघा, कारण अर्ध्या लोकांचा त्रास टायरच्या मापाचा नसतोच. टायर मधोमध झिजलाय आणि कडा शाबूत आहेत म्हणजे हवा जास्त मारली जात होती. दोन्ही कडा गेल्यात आणि मधे नक्षी आहे म्हणजे हवा कमी होती. पुढचा टायर एकाच बाजूने गुळगुळीत झालाय म्हणजे पुढच्या चाकाचा आर्म वाकलाय, नाहीतर बुश गेलेत किंवा बेअरिंग सैल आहे, आणि तिथे तुम्ही कितीही महागाचा टायर टाका, काही महिन्यांत त्याच बाजूने तोही जाणार. रिक्षाचं पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, मोटरसायकलसारखा दोन्ही बाजूंचा चिमटा नसतो, त्यामुळे खड्ड्यात जोरात आदळली की आर्म किंचित वाकतो, डोळ्याला दिसत नाही पण टायर सांगतो. जॅक लावा, पुढचं चाक वर-खाली धरून हलवून बघा, खटखट लागली तर आधी ते काम करा.

आता मापाचं. तुमच्या टायरवर ४.००-८ असं छापलेलं आहे. ४.०० म्हणजे टायरची रुंदी साधारण चार इंच, ८ म्हणजे रिमचा व्यास इंचात, आणि मधली जी रेघ आहे ती सांगते की टायर साधा नायलॉनचा आहे, रेडियल असता तर तिथे आर असतं. पुढे सिक्स प्लाय किंवा एट प्लाय लिहिलेलं असतं, याचा अर्थ आत खरंच सहा थर आहेत असा नाही, ती ताकदीची श्रेणी आहे. त्याच्याजवळ बारीक अक्षरात एक आकडा आणि एक अक्षर असतं, ते कुणी बघतच नाही आणि खरं महत्त्वाचं तेच. आकडा म्हणजे एक टायर किती वजन उचलेल. ७१ म्हणजे ३४५ किलो, ७५ म्हणजे ३८७, ७६ म्हणजे ४००, ७८ म्हणजे ४२५, ८२ म्हणजे ४७५, ८४ म्हणजे ५००. अक्षर म्हणजे त्या वजनाला किती वेगापर्यंत, ई असेल तर ७० किलोमीटर, एफ ८०, जी ९०, जे १००. म्हणजे टायर रुंद दिसतो म्हणून तो जास्त वजन घेतो असं काही नाही, हा आकडा काय म्हणतो ते बघायचं.

आता तुमच्या चाकावर येणारं वजन किती ते कसं काढायचं, तर आरसीवर एकूण वजन लिहिलेलं असतं, पण त्यातलं मागे किती पुढे किती ते त्यावरून कळत नाही. वजनकाट्यावर जा, नेहमीचा माल किंवा माणसं भरून फक्त मागची दोन चाकं काट्यावर घ्या, पुढचं चाक बाहेर ठेवा. जे येईल त्याला दोनाने भागा आणि वर चांगली वीसेक टक्के जागा ठेवा, कारण सीटवर माणसं कधीच बरोबर मध्ये बसत नाहीत आणि वळणावर तर बाहेरच्या चाकावर जास्तच येतं. भावाच्या आपेत मागे ८०० किलो आले तर एका टायरवर ४००, म्हणजे ७६ आकड्याचा टायर अगदी काठावर आला, खड्डा आणि उन्हाळा धरला तर कमीच पडला. वीस टक्के जागा धरली तर ४८० होतात, म्हणजे तिथे ८४ वाला हवा. हे गणित केलं की मारुतीच्या टायरचा प्रश्न बराचसा सुटतो. कारचा टायर हा कारसाठी बनतो, त्याची साइड पातळ आणि लवचीक असते, कारला चार टायरवर वजन वाटून जातं. अल्टोचा १४५/८० आर १२ घ्या, त्याचं लोड इंडेक्स, म्हणजे वर सांगितलेला तो वजनाचा आकडा, साधारण ७४ असतं म्हणजे ३७५ किलो. दिसायला तो आपेच्या ४.५०-१० पेक्षा मोठा आणि भारी दिसतो, पण एट प्लायचा ४.५०-१० मागे त्याच्यापेक्षा जास्त झेपतो, हवाही जास्त सहन करतो. आणि त्याला बारा इंची रिम लागणार ती वेगळी, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, जुळवून घ्यायला कुणीतरी लेथवर भोकं वाढवून देणार, म्हणजे पैसे घालून ताकद कमी करून घेतल्यासारखं झालं. वर गाडी मागून उचलली जाते, माल वर जातो, वळणावर आत येणारं चाक हलकं पडतं. तीनचाकी आधीच पुढे एका चाकावर उभी असते, तिला मागून उंच करणं म्हणजे कलंडायला मदत.

रिक्षाला दहा इंची का नको याचं मुख्य कारण टायरचा बाहेरचा व्यास. आठ इंची रिमवरचा ४.०० टायर एका फेरीत साधारण १.३ मीटर जातो, दहा इंचीवरचा ४.५० साधारण १.५४ मीटर. म्हणजे जवळजवळ अठरा टक्क्यांचा फरक. गिअरबॉक्स तोच, इंजिन तेच, ब्रेकचा ड्रम तोच. तर चाकाची ओढ पंधरा-सोळा टक्के कमी होणार, तीन पॅसेंजर घेऊन चढावर पहिल्या गिअरला क्लच जास्त वेळ अर्धवट धरावा लागणार, क्लच प्लेटा लवकर जाणार. ब्रेकचंही तेच, ड्रम तेवढाच जोर लावतो पण चाक मोठं म्हणून रस्त्यावर तो कमी पडतो. हे दोन्ही तुम्हाला पहिल्या दिवशी रिकाम्या गाडीला कळणार नाही, भरलेल्या गाडीला पावसात उतारावर कळेल.

आणि मीटर. याबद्दल टायरवाला कधीच बोलत नाही कारण त्याचं त्यात काही जात नाही. मीटरला अंतर कळतं ते चाक किती वेळा फिरलं यावरून, मग केबल पुढच्या चाकातून येवो नाहीतर गिअरबॉक्सकडून. चाक मोठं झालं की तेवढ्याच रस्त्याला ते कमी वेळा फिरतं. दहा किलोमीटर चाललात तर मीटर साडेआठच्याही आत दाखवेल. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे, त्या हिशोबाने दहा किलोमीटरच्या एका भाड्यात तुमचे सव्वीस-सत्तावीस रुपये गेले. तुमच्या शहरातला दर घालून करा, दिवसाचं काय होतं ते दिसेल. उलट कुणी छोटा टायर टाकला तर मीटर पळतं, पॅसेंजरला जास्त पडतं आणि तक्रार झाली तर मीटरचं सील, परमिट सगळ्यावर येतं. अहो, नुसता झिजलेला टायरसुद्धा दोन-अडीच टक्क्यांनी मीटर पळवतो, पाच मिलिमीटर नक्षी गेली की तेवढा व्यास कमी होतोच ना.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलंय. तुमची गाडी परमिटची, तिला पासिंगला न्यावंच लागतं. तिथे टायरचं माप कागदाशी जुळलं नाही तर गाडी परत पाठवतात, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर पहिला फोटो चाकांचा काढतो. मापाच्या आत राहून अलॉय लावणं आणि माप बदलणं यात फरक आहे, त्यामुळे मी आठ इंचीवरच राहा म्हणतोय.

अजून एक गोष्ट, आरईला तिन्ही चाकं एकाच मापाची आहेत. हा फार मोठा फायदा आहे, एक स्टेपनी पुढे-मागे कुठेही लागते. तुम्ही मागे दहा आणि पुढे आठ केलं तर स्टेपनी कुठली ठेवणार? रात्री स्टेशनच्या लाइनला पंक्चर झालं आणि जवळ आहे ती स्टेपनी एका बाजूला लागली तर गाडी एका अंगावर झुकून चालणार, आणि मागच्या दोन चाकांचा व्यास वेगळा झाला की डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं, गरम होतं, गाडी एका बाजूला ओढते. म्हणूनच मागचे दोन टायर नेहमी जोडीने बदला. एक नवा आणि एक गोटा झालेला असं मागे कधी ठेवू नका. एकच बदलायचे पैसे असतील तर नवा पुढे टाका आणि पुढचा बरा असेल तर मागच्या जुन्याशी जोडी लावा.

आता समजा आठ इंची अलॉय मिळाली, तर ती तुमच्या हबला जुळते का हे दुकानात उभं राहूनच बघा, घरी आणून नाही. स्टड म्हणजे हबवरचे आटेदार बोल्ट ज्यांवर नट बसतात, त्यांची भोकं ज्या गोलावर असतात त्याचा व्यास जुळला पाहिजे. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांचं मधून मधापर्यंतचं अंतर तेच माप. पाच असतील तर समोरासमोर येत नाहीत, मग शेजारच्या दोन भोकांचं मधून मधापर्यंतचं अंतर घ्या आणि १.७ ने गुणा. तीन असतील तर १.१५५ ने गुणा. दोन मिलिमीटरचा फरक असला तरी नट जातो, स्टड किंचित तिरका ओढला जातो आणि काही हजार किलोमीटरने तो मुळाशी तुटतो. "भोक जरा मोठं करून देतो" असं कुणी म्हणालं तर ती रिम तिथेच ठेवून या. मधलं मोठं भोकही हबच्या उंचवट्यावर नीट बसलं पाहिजे, सैल नको, घासत ठोकून घालावी लागेल इतकं घट्टही नको.

नटची बसण्याची जागा बघा. काही रिमांना ती उतरती असते, काहींना सपाट. उतरत्या जागेत सपाट नट लावला तर तो फक्त कडेला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट बसला, आणि दोन दिवसांत सैल. अलॉय लोखंडापेक्षा जाड असते त्यामुळे जुना स्टड आखूड पडतो, हे तर फार ठिकाणी बघतो. नियम सोपा आहे, स्टड जेवढा जाड आहे निदान तेवढ्या लांबीचे आटे नटमध्ये गेले पाहिजेत. बारा मिलिमीटरचा स्टड असेल तर बारा मिलिमीटर. हाताने नट फिरवत नेताना चारपाच फेऱ्यांत तो घट्ट झाला तर समजा आटे कमी पकडलेत, मोठे स्टड टाकायला लागतील.

पुढचं माप म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते. हे कागदावर शोधू नका, सरळ मोजा. जुनी रिम उलटी करून जमिनीवर ठेवा, आतल्या काठावर एक सरळ पट्टी आडवी टाका, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्या. नव्या रिमचं तसंच घ्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे पाहिजेत. नवी रिम आत जास्त गेली तर पुढे आर्मला आणि स्प्रिंगला टायर घासतो, बाहेर जास्त आली तर बेअरिंगवर लोड वाढतो. काही जण मागची रिम मुद्दाम उलटी लावतात म्हणजे गाडी रुंद दिसते, तसं केलं की हबच्या बेअरिंगला सतत वाकवणारा जोर लागतो आणि बेअरिंग आवाज करायला लागतं, मग म्हणतात बेअरिंग डुप्लिकेट आहे. बेअरिंग बिचारं ठीक असतं.

टायर लावून झाला की घासतो का ते कसं बघायचं. नुसतं उभ्या गाडीत हँडल डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवून बघणं पुरेसं नाही कारण खरं घासतं ते चाक वर दाबलं गेल्यावर. मी काय करतो, कणकेचे लिंबाएवढे गोळे करून मडगार्डच्या आतल्या बाजूला, आर्मच्या शेजारी, जिथे जिथे टायर जवळ येतो असं वाटतं तिथे चिकटवतो. मग मागे तीन माणसं बसवायची, स्पीडब्रेकरवरून नेहमीच्या वेगाने दोनतीनदा न्यायची, एखादा खड्डा घ्यायचा, वळायचं. परत येऊन गोळे बघायचे. दाबलेला गोळा किती जाड राहिलाय ते पट्टीने मोजा, दहा-बारा मिलिमीटरपेक्षा कमी राहिला असेल तर जागा कमी आहे. पावसाळ्यात मडगार्डमध्ये चिखल साठतो, कोकणात लाल माती, लातूर-परभणीकडची काळी माती तर सिमेंटसारखी चिकटते, तिला पण जागा लागते. एकदा एका रिक्षाला पुढे रुंद टायर टाकलेला, कोरड्यात काही नाही, पहिल्या पावसात मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम झालं आणि गाडी वळणावर सरळ गेली. माणसं बरी होती म्हणून ठीक. पुढचं चाक जाम होणं याच्याइतकी वाईट गोष्ट तीनचाकीत दुसरी नाही.

रुंद टायरबद्दल एवढंच, की ४.०० टायरला ठरलेली रिमची रुंदी असते, दोन्ही काठांच्या आतून मोजली तर अडीच इंच. त्याच रिमवर रुंद टायर चढवला तर तो वर फुगतो, खाली जमिनीला मधेच टेकतो, कडा वर राहतात, म्हणजे पैसे रुंदीचे दिले आणि पकड अरुंदच मिळाली. पुढे रुंद टायर टाकला की हँडल जड होतं, दिवसभर चालवणाऱ्याच्या खांद्यांना ते कळतं, आणि सीएनजी जास्त खातो.

रिमच्या प्रकाराबद्दल नीट ऐका कारण यात जीव जातो. तुमची लोखंडी रिम दोन तुकड्यांची आहे, दोन वाट्या एकमेकांना नट-बोल्टने जोडलेल्या. म्हणजे चाकावर दोन प्रकारचे नट असतात, एक गाडीच्या हबला धरणारे आणि दुसरे दोन वाट्या एकत्र धरणारे. हवा भरलेली असताना दुसरे नट खोलले तर आतली हवा त्या दोन वाट्या एकमेकांपासून उडवते, समोर जो असेल त्याच्या तोंडावर. हवा पूर्ण सोडून, व्हॉल्व्हची पिन काढूनच त्या नटांना हात लावायचा. मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाट्या जोडणाऱ्या नटांना लाल ऑइलपेंटचा ठिपका लावतो, रस्त्यात अंधारात कुणीही चाक काढलं तरी कळावं म्हणून. तुम्हीही लावून घ्या, एका छोट्या डबीत काम होतं.

अशा दोन तुकड्यांच्या रिममध्ये ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय चालत नाही, जोडातून हवा जाते. सिलिकॉन लावून चालवतात काही लोक, दोन आठवडे टिकतं, मग भर रस्त्यात बसतं. ट्यूबलेस हवा असेल तर एकसंध रिम लागते, आणि तिच्या आत टायरच्या बीडिंगसाठी, म्हणजे रिमला धरणाऱ्या आतल्या काठासाठी, छोटा उंचवटा असावा लागतो, ज्यामुळे हवा कमी झाली तरी टायर रिमवरून आत सरकत नाही. अलॉय घेताना हाताचं बोट रिमच्या आत फिरवून बघा, तो उंचवटा बोटाला लागतो. नाही लागला तर ती ट्यूबची रिम आहे, दुकानदार काहीही म्हणो. ट्यूबलेसचा फायदा खरा आहे, खिळा लागला तरी हवा हळू जाते, गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो, मी स्वतः पॅसेंजर गाडीला एकसंध रिम आणि ट्यूबलेस हेच सुचवतो. अलॉयवर आयएस १६१९२ चा मार्क आहे का बघा, तीनचाकीच्या अलॉयसाठी तो मानक आहे. काहीच मार्क नसलेली चकचकीत रिम स्वस्त मिळते, पण ओतीव कामात आत हवेचे बुडबुडे राहिलेत का ते तुम्हाला बाहेरून दिसणार नाही आणि खड्ड्यात लोखंड वाकतं तशी ती वाकत नाही, तडकते.

लोखंडी रिमच ठेवणार असाल, आणि त्यात काही वाईट नाही, तर नवीन टायर टाकताना दोन्ही वाट्यांचा जोड तारेच्या ब्रशने घासून गंज काढा, प्रायमर मारा. गंजाचं खरखरीत टोक ट्यूबला आतून घासतं आणि मग रोज रोज बारीक पंक्चर निघतं ज्याचं कारण सापडत नाही. व्हॉल्व्ह सरळ उभा आहे का बघत राहा. व्हॉल्व्ह तिरका झाला असेल तर टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला सोबत ओढतोय, बहुतेक वेळा हवा कमी असल्यामुळे. तसा चालवत राहिलात तर व्हॉल्व्हचं मूळ फाटतं आणि हवा एका क्षणात जाते. थांबून हवा सोडायची, ट्यूब सरळ करायची, परत भरायची, दहा मिनिटांचं काम आहे.

टायर निवडताना नक्षी. पुढे उभ्या रेघांची, ज्याला रिब म्हणतात, ती घ्या, हँडल सरळ राहतं आणि ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला जातं. मागे शहरात डांबरावरच चालत असेल तर रिब किंवा हलकी मिक्स नक्षी, आणि भावाचा आपे शेतापर्यंत जात असेल तर मागे आडव्या गट्टूची. आडवी नक्षी पुढे टाकू नका, आवाज करते, हात थरथरतो आणि ब्रेकला सरकते. टायरवर आयएसआय मार्क आणि आयएस १५६२७ असावं. तारीख बघा, साइडला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दोनतीन वर्षं दुकानात उन्हात टांगलेला टायर नवा म्हणून घेऊ नका, नखाने बाजूला दाबून बघा बारीक चिरा दिसतात का. एमआरएफ, सिएट, अपोलो, जेके, टीव्हीएस, रॅल्को, मेट्रो, सगळे तीनचाकीचे टायर बनवतात, मी नावापेक्षा लोड इंडेक्स आणि तारखेला जास्त महत्त्व देतो. टायरच्या नक्षीत तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला, ते संपेपर्यंत ओढू नका, पावसात आधीच पकड गेलेली असते.

रिमोल्डचं विचारतात बरेच जण. रबर चढवलेला टायर पुढे कधीच नाही, हा माझ्याकडे न बदलणारा नियम आहे. मागे टाकायचा असेल तर रिकाम्या किंवा हलक्या गाडीला, मूळ टायरची साइड चांगली असेल तरच, आणि एकदाच. विदर्भात एप्रिल-मेच्या उन्हात भरलेल्या गाडीला रिमोल्ड लावला की चढवलेला पट्टा सुटून पत्र्यावर आपटतो, मागे येणाऱ्या दुचाकीवाल्याला लागू शकतो.

ई-रिक्षावाल्यांसाठी थोडं. तिथे बहुतेक बारा इंची चाकं असतात, अरुंद टायर, आणि खाली बॅटरीचं वजन कायम असतं, गाडी रिकामी असली तरी. रुंद टायर टाकला की एका चार्जमध्ये जाणारं अंतर लगेच कमी होतं, आणि हवा कमी असली तरी तेच. त्यामुळे तिथे माप तसंच ठेवून लोड इंडेक्स वाढवा, एवढंच.

हवा. अंदाजाने मारू नका. गाडीवर स्टिकर असतो किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पुढे वेगळी, मागे वेगळी, मागे जास्त. काहींच्या गेजवर किलो असतात, काहींवर पीएसआय, एक किलो म्हणजे साधारण १४.२ पीएसआय. सकाळी गाडी काढायच्या आधी थंड टायरला बघा, दुपारी गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. एट प्लाय टाकला म्हणून आपोआप हवा जास्त मारायची नसते, भरलेल्या मालाप्रमाणे मारायची.

बसवताना नट एकामागून एक गोलात आवळू नका, एकाआड एक किंवा समोरासमोर, आधी हाताने सगळे, मग थोडे थोडे पान्याने, शेवटी चाक जमिनीला टेकवून पूर्ण. पान्यावर उभं राहून आवळायचं नाही, स्टड ताणला जातो आणि आटे खराब होतात. पन्नासेक किलोमीटर चालवून परत सगळे नट तपासा, अलॉय असेल तर नक्कीच, कारण नव्या रिमचा रंग आणि पृष्ठभाग दबला की नट किंचित सैल पडतात. त्यानंतर आठवड्याने अजून एकदा.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी पाहिजेत, मग नेमकं सांगतो कुठला टायर घ्यायचा. आरसीवरचं एकूण वजन, जुन्या रिमच्या आतल्या बाजूचा फोटो पट्टी ठेवून, आणि दुकानदार जी अलॉय देतोय तिच्या मागच्या बाजूला जे काही कोरलंय त्याचा फोटो. आणि भावाच्या मागच्या डाव्या टायरला शोल्डरपाशी, म्हणजे नक्षी संपून साइड सुरू होते तिथे, तार दिसायला लागलीय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, तर हा आठवडाभर वाट बघण्याचा विषय नाही, आज स्टेपनी लावा तिथे, ती बरी असेल तर, आणि उद्याचा कांदा दुसऱ्या गाडीतून पाठवा.